खोटा दाखला, खरा पक्षी

परतवाडा मागे पडून चिखलदऱ्याचा घाट लागला, की वऱ्हाडचा तो काळ्या मातीचा, कपाशी-तुरीचा ऐसपैस मुलूख पाहता पाहता खाली राहतो आणि गाविलगडच्या रांगा एकीआडून एक अशा डोकावू लागतात, की यापुढे सपाट जमीन पाहावयास मिळेल ती फक्त नद्यांच्या पात्रांतच, अशी मनाची खात्री पटते. हा मेळघाट. सातपुड्याच्या या अंगाला खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्यांनी इतक्या दऱ्या कोरून ठेवल्या आहेत, की नकाशावर बोटभर वाटणारे अंतर चालून जाईपर्यंत सूर्य माथ्यावरून कलतो; आणि या पाचही नद्या अखेरीस आपले पाणी तापीच्या स्वाधीन करतात. १८०३ साली वेलस्लीच्या फौजेने गाविलगड सर केला, पुढे इंग्रजी अमलात इथल्या सागवनावर सरकारी शिक्का बसला, आणि १९७४ साली, देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक म्हणून, हा मुलूख वाघाच्या नावाने राखला गेला. एवढा इतिहास सांगून मी पुढे जातो, कारण मला जे सांगावयाचे आहे ते किल्ल्याचे नाही आणि वाघाचेही नाही.

वाघ येथे आहेत; पण दऱ्यांची खोली, बांबूची दाटी आणि जंगलाचा अफाट विस्तार यांमुळे ते दृष्टीस पडणे दुर्मीळ. ताडोबाची सवय झालेला प्रवासी सेमाडोहला किंवा कोलकासला मुक्काम करतो, सकाळ-संध्याकाळ गाडीतून हिंडतो आणि ‘काहीच दिसले नाही’ असे म्हणत खिन्न मनाने घाट उतरतो. त्याची मला खरोखर हळहळ वाटते. कोलकासच्या विश्रामगृहाखाली सिपना जे डौलदार वळण घेते ते त्याने पाहिलेले असते, रस्ता ओलांडून बांबूत शिरणाऱ्या गव्यांच्या पाठीही त्याला दिसलेल्या असतात, मोहाखालची माती अस्वलाने रात्री कशी उकरून टाकली आहे हे वाटाड्याने त्याला दाखवलेले असते. आणि तरी, ज्या एका प्राण्याचे नाव घेऊन तो आला तो न भेटल्यामुळे, या साऱ्याची गणना त्याच्या लेखी शून्यात होते. अरण्य पाहण्याची ही रीत मला फार दरिद्री वाटते. अरण्यात जावे ते काही मागण्यासाठी नव्हे; जे समोर येईल त्याची ओळख पटेपर्यंत त्याच्यापुढे उभे राहता यावे, एवढ्यासाठी.

माघ उतरणीला लागला की मेळघाटातला साग आपली पाने टाकू लागतो. पावसाळ्यात जिथे चार हातांपलीकडचे दिसत नाही, तिथे या दिवसांत उतारामागचा उतार उघडा पडतो. ऐन, धावडा, लेंडिया, सालई यांची खोडे आपापल्या रंगांनी वेगळी उमटतात. आणि खाली पडलेल्या सागाच्या पानांवर सरडा जरी पळाला तरी दूरवरून कोणी मोठे जनावर चालत येत असल्याचा भास होतो. अशाच दिवसांत एका सकाळी, एका कोरकू वनरक्षकाबरोबर, नाल्याच्या कडेने मी चाललो होतो. वयाने ते माझ्या बरोबरीचे असावेत. बोलणे कमी; पण चालता चालता हात किंचित मागे करून थांबण्याची खूण करण्याची त्यांची जी लकब होती, तिच्यात मला नेहमी एका गुरूची आज्ञा जाणवे.

तशी खूण झाली. समोर तीस-चाळीस पावलांवर एका निष्पर्ण सागाच्या आडव्या फांदीवर, कोवळ्या उन्हात, एक पिंगळा बसला होता. पिंगळा आपल्याला परका नाही. गावाच्या वेशीवरच्या वडात, जुन्या वाड्याच्या वळचणीला, संध्याकाळी किचकिचाट करणारे ते जोडपे कोणी पाहिले नाही? त्याची भाषा उलगडून सांगण्याचा वसा घेऊन पहाटे दारोदार हिंडणारा पिंगळा जोशीही आमच्या लहानपणी परिचयाचा होता. म्हणून मी हलक्या आवाजात म्हटले, “पिंगळाच ना, भाऊ?”

“पिंगळाच, पण थो नोहे साहेब,” ते म्हणाले. “गावातला थो वेगळा. याच्या डोक्शावर पाहा बरं, ठिपके कुठी हायेत?”

दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाहतच राहिलो. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची जी दाट पेरणी असते ती येथे जवळजवळ नव्हतीच. माथा सबंध राखट तपकिरी. छातीवर त्याच रंगाचा रुंद, जवळपास अखंड पट्टा, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पाय अंगाच्या मानाने दणकट, आणि बोटांच्या मुळापर्यंत पांढऱ्या पिसांनी असे भरलेले की एखाद्या पहिलवानाने दुटांगी धोतर कसून नेसावे. शेपटीवर पांढरे रुंद आडवे पट्टे. दिवसाढवळ्या, भर उन्हात, कोणाचीही भीड न बाळगता तो बसला होता. मधूनच शेपटी डावी-उजवीकडे झटकन हलवी आणि मान खाली घालून पाचोळ्याकडे पाही. एकाएकी तो फांदीवरून दगडासारखा सुटला, पानांत क्षणभर खळबळ झाली, आणि तो परतला तेव्हा त्याच्या नख्यांत एक सरडा वळवळत होता. तो त्याने चोचीत घेतला, दोनदा फांदीवर आपटला, आणि मग आमच्याकडे पिवळ्याधमक डोळ्यांनी एकदा रोखून पाहून तो पलीकडच्या ऐनाच्या ढोलीकडे उडून गेला.

वनरक्षकांनी छातीच्या खिशातून वही काढली. वेळ, नाल्याचे नाव, कक्ष क्रमांक, झाड, भक्ष्य. आणि शेवटी, माझी अपेक्षा नसताना, ‘सोबत पाहणारे’ म्हणून माझे नाव. त्या नोंदीत एकही विशेषण नव्हते. तो होता रानपिंगळा. आणि अशी एक साधी, प्रामाणिक नोंद या पक्ष्याच्या नशिबी येण्यासाठी किती काळ जावा लागला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या चार ओळी वाचताना भरून आल्यावाचून राहणार नाही.

१८७२ च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात, ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा पक्षी प्रथम टिपला. तो पोचला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूमसाहेब. परंतु त्या काळी सरकारी दप्तराचे ओझे सांभाळून हिंदुस्थानातील पक्ष्यांचा एक विराट संग्रह ते उभारीत होते. १८७३ साली त्यांनी या पिंगळ्याला शास्त्रात स्थान दिले आणि ब्लेविटचे नाव त्याच्याशी जोडले. नंतर भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना पूर्वेकडे एक मिळाला, आणि खानदेशात मुलकी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या बाजूला आणखी काही मिळवले. १८८४ नंतर सारे शांत. जगातील संग्रहालयांत मिळून भुसा भरलेले सातच पक्षी उरले, आणि जिवंत पक्षी कोणाला दिसेना.

येथवर ही कथा अनेक दुर्मीळ प्राण्यांच्या कथांसारखीच आहे. तिला वेगळे वळण लागते ते एका चिठ्ठीमुळे. संग्रहालयातील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते: कोणी, कोठे, केव्हा मिळवला. शास्त्राच्या दृष्टीने ती चिठ्ठी म्हणजेच पक्ष्याचा सातबारा; ती गेली तर उरतात ती केवळ पिसे. लंडनच्या संग्रहालयात कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याने दिलेल्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या पायातील चिठ्ठी सांगत होती की तो १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनी हा पक्षी जिवंत होता, आणि तोही मांडवीला! सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञांनी या पक्ष्याचा माग काढण्याचे प्रयत्न केले, आणि ते निष्फळ ठरले. जी चिठ्ठी त्यांना वाट दाखवीत होती तीच त्यांना चकवीत होती. कारण तो दाखला साफ खोटा होता.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी या कर्नलसाहेबांच्या संग्रहाची शहानिशा आरंभिली, तेव्हा एकामागून एक बनावट दाखले उघडकीस येऊ लागले. पक्ष्याचे कातडे कसे सोलावे, आत कापूस कसा भरावा, शिवण कशी घालावी यांत प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि ती हातोटी हस्ताक्षराइतकीच ओळखू येते. मांडवीच्या म्हटल्या गेलेल्या त्या पिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि हात निघाला डेव्हिडसनचा. एक परोपकारी वाटणारा दाता संग्रहालयातूनच पक्षी चोरतो, त्याची शिवण उसवून पुन्हा भरतो, आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधून तोच पक्षी संग्रहालयास परत अर्पण करतो! या कृत्याचा मला संताप येतो. एखाद्याने सोने चोरले तर सोन्याची भरपाई होऊ शकते. पण एका मुक्या जिवाचा ठावठिकाणा चोरला, तर त्या जिवाच्या शोधात निघालेल्या प्रामाणिक माणसांचे दिवस, आणि त्या दिवसांत तोडले गेलेले त्याचे अरण्य, कोण भरून देणार?

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधाराने बाईंनी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोघांसह शोध मांडला. आधी पूर्वेकडील जुनी ठिकाणे पाहिली. तेथे काही लागले नाही. मग ते पश्चिमेस, डेव्हिडसनच्या शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवनात सकाळच्या उन्हात रानपिंगळा एका उघड्या फांदीवर बसलेला त्यांना दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने अवकाश होता. एकशे तेरा वर्षांनी भेटलेला हा पक्षी कोणत्याही अगम्य शिखरावर लपलेला नव्हता. ज्या मुलखात पावरा आणि भिल्ल पिढ्यान् पिढ्या राहत आले, गुरे वळीत आले, मोहफुले वेचीत आले, तेथेच तो दिवसाउजेडी बसत होता. ‘हरवला होता’ असे आपण म्हणतो ते कोणाच्या दप्तरावरून, हा प्रश्न मला त्या तारखेपासून सुटलेला नाही. फांदीखालून सरपणाची मोळी घेऊन जाणाऱ्या बाईने मान वर करून त्याला पाहिले असेल. पण तिची साक्ष घ्यावी असे कोणाच्या मनात आले नाही, आणि ज्याची साक्ष घेतली तो सैन्यातला मोठा हुद्देदार होता.

त्यानंतर तोरणमाळच्या बाजूला, यावलच्या अभयारण्यात आणि या मेळघाटात रानपिंगळ्याच्या नोंदी होत गेल्या, आणि आज मेळघाट हा त्याचा सर्वांत भरवशाचा आसरा मानला जातो. याचे श्रेय मी जेवढे शास्त्रज्ञांना देतो तेवढेच त्या खिशातल्या वह्यांना देतो. वन्यजीवांविषयीचे आपले सारे ज्ञान अखेर कोणाच्या तरी ‘मी पाहिले’ या दोन शब्दांवर उभे असते. आणि अरण्यात पाहणारा बहुधा एकटा असतो, जनावर क्षणात नाहीसे होते, पंचनामा करावयास दुसरे कोणी नसते. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. रानात ती ज्याची त्याने करावयाची असते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राण्यांची गणना करण्याची जी जुनी चाल आपल्याकडे आहे, तिच्यात या गोष्टीची कसोटी मला पाहावयास मिळाली. चांदणे लख्ख असते, पण झाडांच्या सावल्या त्याहून गडद असतात. मध्यरात्र उलटल्यावर डोळ्यांना जे हवे ते दिसू लागते. पाण्याकाठचा दगड सरकतो, झुडपाला कान फुटतात. उजाडल्यावर तक्ते गोळा होत होते, तेव्हा एका तरुण मुलाने आपला तक्ता पुढे केला. रात्रभराच्या सर्व रकान्यांत मिळून दोन सांबरे आणि एक सायाळ. एका वेळेपुढे लिहिले होते: ‘मोठे जनावर, ओळख पटली नाही’. शेजारच्या पाणवठ्यावर बिबट्या आल्याची वार्ता एव्हाना साऱ्या मुक्कामावर झाली होती. ते ‘मोठे जनावर’ सहज बिबट्या होऊ शकले असते, आणि त्या मुलाला कोणी जाबही विचारला नसता. त्याने ते होऊ दिले नाही. मला त्या मुलाविषयी जो आदर वाटला तो अनेक मोठ्या ग्रंथकारांविषयी वाटलेला नाही.

कारण उलट प्रकार देशाने पाहिला आहे. राजस्थानातील सरिस्क्यात वर्षानुवर्षे कागदोपत्री वाघ नांदत होते; ठशांवरून मोजलेले आकडे वरच्या कचेरीत जात होते, तेथून आणखी वर जात होते; आणि २००५ साली उघड झाले, की शिकाऱ्यांनी तेथला शेवटचा वाघदेखील ठेवलेला नाही. माइनर्ट्झहागेनने एक पक्षी नव्हता तेथे दाखवला. सरिस्क्याच्या कागदांनी संपत चाललेले वाघ जिवंत ठेवले. पहिल्याने शोधाला चुकीच्या वाटेवर नेले, दुसऱ्याने वेळीच धावून जाण्याची संधी घालवली. आज वाघांच्या मोजणीस स्वयंचलित कॅमेरे आले आहेत, प्रत्येकाच्या अंगावरचे पट्टे तपासून त्याला वेगळा ओळखतात, आणि ही मोठीच सुधारणा आहे. पण कॅमेरा जेथे बांधावा तेथे माणसालाच चालत जावे लागते, आणि रानपिंगळ्याची नोंद तर अजूनही त्या वहीतच होते.

मेळघाटाविषयी लिहिताना येथल्या माणसांना वगळणे हे आणखी एका प्रकारचे खोटे नोंदणे ठरेल. बालमृत्यू आणि कुपोषण यांमुळे या प्रदेशाचे नाव वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत राहिले, आणि रम्य अरण्याचे वर्णन करणाऱ्या लेखणीने ते विसरू नये. या शतकाच्या आरंभापासून कुंड, बोरी, कोहा आणि पुढे आणखी गावे अभयारण्याच्या पोटातून बाहेर वसवण्यात आली. ती गावे उठली तेथे आता गवताची कुरणे आहेत, आणि त्यांवर सांबर, गवे चरताना दिसतात. वन्यजीवांच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. कोरकूंच्या दृष्टीने हिशेब इतका सरळ नाही. एका जुन्या गावठाणावर आमच्या वनरक्षकांनी मला एक आंब्याचे झाड दाखवले आणि त्याखाली कोणाचे घर होते तेही सांगितले. मग ते गप्प झाले, आणि मीही काही विचारले नाही. जे अरण्य आपण पाहावयास येतो ते कोणाच्या तरी अंगणावर उभे आहे, एवढे लिहून ठेवणे माझे कर्तव्य समजतो.

२०१४ साली रानपिंगळा अनपेक्षितपणे तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईची तहान भागवणाऱ्या त्या तलावाभोवतीच्या अरण्यात त्याची वस्ती असेल असे पुस्तकांना ठाऊक नव्हते. सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या कुशीत, तो किती काळ बसून होता कोण जाणे. अशा नोंदी वाढत गेल्या म्हणूनच २०१८ साली धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ असे झाले. संकट टळले असा त्याचा अर्थ नाही. हा पक्षी घरटे बांधत नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली किंवा सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली त्याला लागते, आणि अशी ढोली सागाला किंवा ऐनाला सहजासहजी, कोवळ्या वयात पडत नाही. वाळलेले, किडलेले, पोकळ झालेले झाड आपल्या व्यवहारात निरुपयोगी ठरते. सरपणासाठी पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, वणव्यात पहिले तेच धुमसते, आणि लागवडीच्या आराखड्यातही त्याला जागा नसते. तानसा आणि मेळघाट यांच्या दरम्यान तापीच्या खोऱ्यात, नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरांत, जव्हार-मोखाड्याकडच्या रानांत, असे किती म्हातारे वृक्ष अजून उभे आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या ढोलीतून तो बिनठिपक्यांचा माथा बाहेर येतो, हे पाहण्यासाठी पायी हिंडणारी आणि दिसले तेवढेच लिहिणारी माणसे हवी आहेत. आणि जेथे तो दिसेल तेथले ते पोकळ झाड, मालक सरकार असो की शेतकरी, कोणी तोडू नये असा बंदोबस्त त्याच वर्षी, त्याच हंगामात व्हावयास हवा आहे.